रुपये की रिंगिट

फोन आला तेव्हा सुकेशनी रक्ताच्या नमुन्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवत होती. सोनपेठच्या एका खासगी दवाखान्यात ती लॅब सांभाळायची. नंबर परदेशातला, पण आवाज भावाचा नव्हता. कोणी तमिळ माणूस मोडक्या हिंदीत सांगत होता, भूषण शिडीवरून पडला, मांडीचं हाड मोडलं, कंबरेलाही मार आहे, आजच ऑपरेशन आहे. सुकेशनीने दोनच गोष्टी विचारल्या. शुद्धीवर आहे का, आणि हॉस्पिटल कोणतं. मग हातातलं काम पुरं केलं, डॉक्टरांना सांगितलं आणि घरची वाट धरली.

बुद्धभूषण तिचा धाकटा भाऊ. परभणीच्या आयटीआयमधून एसी-फ्रीजचं काम शिकला आणि गंगाखेडच्या परमेश्वर नावाच्या एजंटामार्फत मलेशियात, क्वालालंपूरला गेला. एका बाजारसंकुलाच्या गच्चीवरची एसीची यंत्रं दुरुस्त करणं हे त्याचं काम. दोन वर्षं नीट गेली होती. महिन्याला पैसे यायचे, बुद्ध पौर्णिमेला फोटो यायचे. आईला, सरजाबाईला, तो फोनवर तिथल्या भाताच्या चवी सांगायचा.

ऑपरेशन निभावलं. पैसे कंपनीच्या विम्यातून गेले. पण त्यानंतर कंपनीने हात झटकले. काम करता येत नाही म्हणजे करार संपला, करार संपला म्हणजे राहण्याचा परवानाही संपत आला. डॉक्टरांचं म्हणणं पडलं, थोड्या दिवसांनी विमानात बसू शकेल, पण एकटा नाही. कोणीतरी सोबत पाहिजे.

वडील दत्तराव एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती. उभ्या जन्मात त्यांनी गाडी चालवली, पण ती जिल्ह्याच्या शिवेच्या फार पलीकडे कधी गेली नाही. ते ओसरीवर बसून नुसते चपलेकडे बघत होते. सरजाबाई रडून रडून थकली होती. अशा वेळी सुकेशनी म्हणाली,

"मी जाते. पासपोर्ट फक्त माझ्याकडंच हाय."

पासपोर्ट होता तो विहारातल्या बायकांमुळे. सगळ्यांनी मिळून श्रीलंकेला, अनुराधपूरच्या बोधिवृक्षाला जायचं ठरवलं होतं. ते जाणं राहिलं, पासपोर्ट तेवढे हातात आले. सुकेशनीने लग्न केलं नव्हतं आणि चौतिशी उलटल्यावर त्याबद्दल घरात कोणी बोलायचंही सोडलं होतं. तिला अडवणारं असं कोणी नव्हतं. भीती मात्र होती, आणि ती तिने कोणाला दाखवली नाही.

दुसऱ्याच दिवशी परमेश्वर दारात आला. माणूस गोड बोलणारा, हातात पेढ्यांचा पुडा असावा तसा चेहरा. त्याने दत्तरावांना धीर दिला आणि मग हळूच मुद्द्यावर आला. हॉस्पिटलची उरलेली बाकी असेल, खोलीवाल्याचं भाडं असेल, तिकिटं, व्हीलचेअर. तिथं पावलोपावली रोख लागते. मॅडमनी एवढी रक्कम अंगावर घेऊन कशाला जायचं? रुपये इथं माझ्या हातात द्या, तिथं माझा माणूस त्याच दिवशी तिथल्या चलनात, रिंगिटमध्ये, आणून देईल. बँक नको, कागद नको, काही झंझट नको.

दत्तराव मान हलवायला लागले होते. सुकेशनीने भाव विचारला. परमेश्वरने सांगितला. तिने मोबाईलवर त्या दिवसाचा भाव काढून पाहिला आणि तिच्या लक्षात आलं की हा शंभरातले बारा-तेरा रुपये वाटेतच खातो आहे.

"पावती मिळंल का?" तिने विचारलं.

परमेश्वर हसला. "ताई, ह्या धंद्यात जबान हीच पावती."

"मग न्हाई जमायचं," ती म्हणाली आणि त्याला चहा आणायला आत गेली.

तो गेल्यावर दत्तराव चिडले. परक्या मुलखात पैशावाचून अडकलीस तर कोणाला हाक मारशील, भाषा येत नाही, ओळख नाही, बारा रुपये गेले तर गेले. त्यांचं चिडणं काळजीपोटी होतं हे तिला कळत होतं. पण तिलाही एक गोष्ट दिसत होती. पैसा होता तो एवढाच: वडिलांच्या निवृत्तीच्या रकमेतला उरलेला भाग आणि तिची बचत. भूषण परत आल्यावर त्याला वर्षभर तरी काम जमणार नव्हतं. आज वाटेत सांडलेला रुपया उद्या त्याच्या औषधाला कमी पडणार होता.

ती सकाळच्या गाडीने परभणीला गेली. तिच्या पगाराचं खातं जिथं होतं त्या बँकेत हेमा नावाच्या अधिकारी होत्या, पन्नाशीच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांचा मुलगा परदेशात शिकायला होता, त्यामुळे हा विषय त्यांना पुस्तकातून नाही, अनुभवातून माहीत होता. त्यांनी आधी कार्ड परदेशात चालू करून दिलं. ते मुळात बंदच असतं हे सुकेशनीला ठाऊक नव्हतं. रोजची मर्यादा वाढवून दिली. मग खुर्ची जवळ ओढायला सांगून समजावत राहिल्या. विमानतळावर नोटा बदलू नका, टॅक्सीपुरत्या हैदराबादलाच अधिकृत दुकानातून घ्या आणि पावती मागा. तिथं गेल्यावर बँकेच्या मशीनमधून काढा. दरवेळी आपली बँक ठरावीक फी कापते, तेव्हा रोज थोडे थोडे काढू नका, गरजेपुरते एकदम काढा. काही मशीन आपली वेगळी फीही लावतात; स्क्रीनवर तसं दिसलं तर कार्ड काढून घ्या आणि दुसऱ्या बँकेचं मशीन शोधा.

"आणि एक महत्त्वाचं," हेमा म्हणाल्या. "मशीन विचारेल, रुपयांत हिशेब करू का? आपल्याला बरं वाटतं, रुपये म्हणजे घरचं कोणी भेटल्यासारखं. पण तो भाव त्यांचा असतो. नाही म्हणायचं. त्यांच्याच पैशात कापू द्यायचं."

दुसऱ्या बँकेतही सुकेशनीचं एक खातं होतं, जुनं, जवळजवळ रिकामं. हेमांनीच सुचवलं की तेही कार्ड चालू करून ठेवा. एक पर्समध्ये, एक बॅगेत, दोन्ही एका ठिकाणी नकोत. त्या दिवशी ती दुसऱ्या बँकेतही जाऊन आली. परतीच्या गाडीत डोळे मिटून ती सगळं मनात घोकत राहिली, परीक्षेच्या आदल्या दिवशी पोरं घोकतात तसं.

हैदराबादपर्यंत रेल्वे, तिथून विमान. विमानात ती पहिल्यांदाच बसली होती, पण तिचं लक्ष ढगांकडे कमी आणि पर्सकडे जास्त होतं. उतरल्यावर नोटा बदलणाऱ्यांच्या काचेच्या खिडक्या एका ओळीत लागल्या. आतली मुलगी हसून हात करत होती. सुकेशनीने फलकावरचा भाव वाचला आणि न थांबता पुढे गेली. बाहेर येऊन तिथलं सिमकार्ड घेतलं, मोबाईलमधलं आपलं काढून कागदात गुंडाळून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं. ही एक चूक झाली, पण ती तिला नंतर कळली.

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर तीन बँकांची मशीन होती. पहिल्याने फी दाखवली. तिने कार्ड काढून घेतलं. दुसऱ्याने फी मागितली नाही, पण आकडा टाकल्यावर स्क्रीन भरून एक सूचना आली. वर मोठ्या अक्षरांत रुपयांचा आकडा, अगदी पैशापर्यंत पक्का, आणि खाली दोन बटणं. स्वीकारा, किंवा नाकारा. मागे रांग होती. रांगेतल्या एका माणसाने मदत म्हणून स्वीकारा दाखवलं. नाकारलं तर व्यवहारच बंद पडेल, कार्ड आत अडकेल, असं तिलाही वाटून गेलं. तिने नाकारा दाबलं.

मशीन थोडं थांबलं. मग घरघर झाली आणि नोटा बाहेर आल्या. तिने त्या पर्समध्ये टाकल्या आणि भिंतीला टेकून दोन मिनिटं नुसती उभी राहिली. अंगात बळ आल्यासारखं वाटत होतं. इतक्या लांब येऊन आपण आपल्या हाताने आपला पैसा आपल्या भावात काढला होता.

भूषण वरच्या मजल्यावर खिडकीजवळ होता. वाळून काटकी झाला होता. तिला बघून त्याने आधी तोंड भिंतीकडे फिरवलं. ती स्टुलावर बसली, त्याच्या पायाकडे पाहिलं, तक्त्यावरच्या तपासण्या वाचल्या. ते तिचं रोजचं काम होतं. मग तो बोलायला लागला. दादांचा निवृत्तीचा पैसा माझ्यापायी चालला, मी इथंच कुठंतरी पडून राहिलो असतो तर बरं झालं असतं, गावात काय तोंड दाखवू. तिने त्याला बोलू दिलं.

"पैशाचं मी बघते," ती शेवटी म्हणाली. "तू चालायचं बघ. आपल्या दोघांत एवढीच वाटणी."

पुढचे दिवस धावपळीत गेले. खोलीवाल्याचं भाडं तिने रोख दिलं आणि लिहून घेतलं. वॉकर विकत घेतला. विमान कंपनीकडे जाऊन पाय लांब करता येईल अशी जागा आणि व्हीलचेअर ठरवली. एकदा बोलता बोलता भूषण म्हणाला की घरी पाठवायचे पैसेही तो परमेश्वरच्या माणसाकडेच द्यायचा. किती भावाने, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. दोन वर्षांत किती गेलं असेल त्याचा हिशेब करण्यात आता राम नव्हता.

भूषणला हॉस्पिटलमधून सोडायचा दिवस आला. दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान होतं. विम्याने न दिलेली बाकी भरायची, की कागद हातात येणार. हिशेबाच्या खिडकीवर परदेशी कार्ड चालत नव्हतं, म्हणून ती खाली मशीनकडे गेली. मशीनने कार्ड नाकारलं. दुसऱ्यानेही नाकारलं. तिसऱ्यानेही.

ती बाकावर बसली आणि शांतपणे विचार करायला लागली. परदेशात व्यवहार होताहेत बघून बँकेने खातरजमेसाठी निरोप पाठवला असणार, तो तिच्या सोनपेठच्या नंबरावर. आणि तो नंबर पर्सच्या कप्प्यात झोपला होता. तिने सिम परत घातलं. रोमिंग घेतलेलंच नव्हतं, त्यामुळे सिग्नल आला नाही. बँकेचं अॅपही त्याच सिमवाचून उघडेना, आणि तिथलं सिम घालून हेल्पलाइनला फोन केला तर तेही त्याच नंबरावर येणारा कोड मागत होते. बॅगेतलं दुसरं कार्ड होतं, पण त्या खात्यात पैसा नव्हता. हिशेबाची खिडकी संध्याकाळी बंद होणार होती. तिथं दुपार कलली होती; सोनपेठला अजून जेवणवेळ झाली नव्हती.

ती वर आली तर भूषणच्या खाटेशी एक माणूस उभा होता. परमेश्वरचा माणूस. बातमी कशी लागली कोणास ठाऊक. कदाचित भूषणच्या खोलीतल्या पोरांकडून. त्याने खिशातून पाकीट काढून खाटेवर ठेवलं. घ्या, मॅडम, तुमच्या वडिलांनी परमेश्वरभाऊंकडे रुपये दिले की झालं. नुसता एक फोन.

भूषण तिच्याकडे बघत होता. "घे ना, ताई," तो हळू आवाजात म्हणाला. "उद्याचं विमान हुकलं तर पुन्हा तिकिटं काढावी लागतील."

त्याचं खोटं नव्हतं. हिशेबाने बघितलं तर पाकीट घेणं कदाचित स्वस्तही पडलं असतं. पण पाकिटातल्या नोटा कोणाच्या, कुठून आल्या, हे कोणी सांगणार नव्हतं. परक्या देशात त्या नोटा हॉस्पिटलच्या खिडकीवर आपल्या नावाने द्यायच्या होत्या आणि उद्या कोणी विचारलं तर दाखवायला कागदाचा कपटा नव्हता. अजून दिवस उरला होता. तिने पाकीट उचलून त्या माणसाच्या हातात दिलं.

"आपले उपकार," ती हिंदीत म्हणाली, "पण आमचा बंदोबस्त होतो आहे."

बंदोबस्त काहीच झाला नव्हता. तिने जिन्यात जाऊन घरी फोन लावला. दत्तरावांकडे साधा बटणांचा फोन. त्यांना अॅप, क्यूआर यातलं काही येत नव्हतं. तिने एकेक गोष्ट सावकाश सांगितली. माझ्या दुसऱ्या खात्याचा नंबर माय कपाटातल्या पासबुकावरून वाचून दाखवील. तुमच्या बँकेत जा, त्या नंबरावर पैसे टाका, स्लिप घ्या, मला फोन करा.

पुढचं तिला आईकडून मागाहून कळलं. दत्तराव सदरा घालत असतानाच परमेश्वर दारात हजर झाला. त्याच्या माणसाने त्याला कळवलं असणार. काका, बँकेत कशाला तळमळताय, इथंच माझ्या हातात द्या, पोरीला ह्या घडीला पैसे मिळतील. दत्तराव उंबऱ्यात थबकले. बँकेचा भरवसा त्यांना कधीच नव्हता. तेव्हा सरजाबाई आतून पासबुक घेऊन आली. परमेश्वरकडे तिने पाहिलंही नाही.

"लेकीनं सांगितलंय तसं करा," ती नवऱ्याला म्हणाली. "तिथं ती हाय, हे न्हाईत."

सोनपेठच्या शाखेत सर्व्हर बंद होता. कधी सुरू होईल सांगता येत नाही म्हणाले. दत्तराव तसेच बसस्थानकावर गेले. गंगाखेडची गाडी निघायच्या बेतात होती आणि चाकावर मुंजाजी होता, त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. त्याने थांबे सगळे घेतले, पण वाटेत चहाला उतरला नाही. गंगाखेडच्या शाखेत दत्तरावांनी रांगेतल्या लोकांना हात जोडून पुढे जाऊ देण्याची विनंती केली. पोरगी परदेशात दवाखान्यात उभी हाय, एवढंच म्हणाले. लोकांनी वाट दिली. खिडकीतल्या मुलीने नंबर दोनदा वाचून घेतला.

इकडे सुकेशनी हिशेबाच्या खिडकीसमोर बसून होती. तिने त्या बाईंना जाऊन सांगून ठेवलं होतं की मी पळून जात नाही, पैसे येताहेत, बंद करण्याआधी मला हाक द्या. भूषणचे कपडे भरून ठेवले होते. फोन वाजला.

"टाकले बघ," दत्तराव म्हणाले. धाप लागली होती. "स्लिप हातात हाय. खिडकीतली पोरगी म्हनली, अर्ध्या तासात पोचतेत."

"दादा, पाणी प्या," ती म्हणाली. "आन् सावलीला बसा."

तिने मशीनमध्ये दुसरं कार्ड घातलं. शिल्लक शून्याच्या आसपास होती. थोडं थांबून पुन्हा पाहिलं. तेच. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा आकडा बदललेला होता. तिने रक्कम टाकली. मशीनने पुन्हा तो रुपयांचा आकडा समोर धरला. तिने पुन्हा नाकारा दाबलं, या वेळी मागच्या रांगेकडे न बघता. एका वेळी तेवढी रक्कम निघेना, म्हणून दोनदा काढावी लागली आणि फीही दोनदा गेली. त्याची चुटपुट लागलीच.

खिडकीतल्या बाईंनी नोटा यंत्रात घालून मोजल्या, पावती छापली, शिक्का मारला. सुकेशनी निघता निघता त्या काहीतरी म्हणाल्या, ते मलय भाषेत होतं. सूर शुभेच्छांचा होता.

विमानात भूषणला पाय लांब करून बसता आलं. उड्डाणाच्या वेळी त्याने डोळे गच्च मिटले आणि तिचा हात धरला, लहानपणी गोदावरीच्या पुलावरून जाताना धरायचा तसा. हैदराबादहून भाड्याच्या गाडीने ते निघाले. नांदेड मागे पडलं, रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीन काढून काळी झालेली रानं लागली, आणि भूषण पहिल्यांदा स्वतःहून बोलला. भूक लागली म्हणाला.

गंगाखेडच्या पुढे एका टपरीवर त्यांनी भजी खाल्ली. गाडीवाल्याने त्याला उतरायला हात देऊ केला, तर तो नको म्हणाला आणि वॉकर टेकत टपरीपर्यंत आपला आपण गेला. सुकेशनीने मागून पाहिलं. पाऊल वाकडं पडत होतं, पण पडत होतं.

घरी सरजाबाईने भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मग त्याच्या गळ्यात पडली. दत्तराव बाजूला उभे होते. सगळ्यांची जेवणं झाल्यावर ते सुकेशनीजवळ येऊन बसले.

"मला बी एक कार्ड काढून दे," ते म्हणाले. "आन् ते कसं दाबायचं ते शिकव."

ती हसली. रविवारी शिकवते म्हणाली. मग भूषणच्या पुढच्या तपासणीचं बोलणं निघालं. एक्स-रे परभणीला काढावा लागणार होता, व्यायाम शिकवणारा डॉक्टरही तिथंच होता. रिक्षा करावी की गाडी, यावर आईवडिलांचं सुरू झालं. आतल्या खोलीतून भूषणचा आवाज आला.

"एसटीनं जातो मी. ताई, तू फक्त चढताना मागं उभी ऱ्हा."